वसतिगृहाची रेक्टर ते स्टुडंट अफेअर्सचं मास्टर्स: कोल्हापुरातून निघण्याआधी

तुमचा प्रश्न असा: कोल्हापुरात मुलींच्या वसतिगृहावर रेक्टर आहे, एमएसडब्ल्यू झालंय, अमेरिकेत स्टुडंट अफेअर्सचं, म्हणजे वसतिगृहासारख्या वर्गाबाहेरच्या विद्यार्थी-सेवांचं, मास्टर्स करायचंय. तिथं संशोधन आणि रोजचं काम यांची सांगड कशी घालतात, आणि इथून काय तयारी करून जावं?

विद्यापीठ निवडताना क्रमवारी बाजूला ठेवा, असिस्टंटशिप, म्हणजे शिकता शिकता विद्यापीठातच करायची नोकरी, बघा. साधारणपणे आठवड्याला २० तास काम, त्या बदल्यात फीमाफी आणि स्टायपेंड. काम वसतिगृहातलं असेल तर बहुतेकदा राहणं-जेवणही मिळतं. आरोग्य विमा आणि किरकोळ शुल्कं मात्र बऱ्याच ठिकाणी माफीत येत नाहीत. तो आकडा आधी लेखी मागा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर २० तासांचीच मुभा आहे, त्यामुळे दुसरी नोकरी धरून तूट भरून काढता येत नाही.

मुलाखतीत दोन गोष्टी विचारा. असेसमेंटच्या (आपल्या कामाचा विद्यार्थ्यांना किती उपयोग होतो ते मोजण्याच्या) कोर्समधला प्रकल्प मी काम करत असलेल्या ऑफिसवरच करता येईल का? आणि अशा एखाद्या प्रकल्पामुळे त्या ऑफिसनं अलीकडे कोणता निर्णय बदलला? दुसऱ्या प्रश्नाला नेमकं उत्तर आलं तर तिथली सांगड खरी. ‘आम्ही दरवर्षी सर्व्हे घेतो’ एवढंच आलं तर सावध व्हा. नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, भेटीसाठी एका दुपारी भरून घेतलेले फीडबॅक फॉर्म तुम्ही पाहिले असतील. फाईल जाड होते, मेसची वेळही बदलत नाही. हा रोग तिकडेही आहे.

आता इथली तयारी. एकच प्रश्न घ्या आणि तो तडीला न्या. उदाहरणार्थ: पहिल्या वर्षाच्या कोणत्या मुली दिवाळीनंतर वसतिगृहात परतत नाहीत? त्यासाठी लागणारी माहिती तुमच्या टेबलावरच आहे: प्रवेश यादी, रजेचं रजिस्टर, मेसची हजेरी. मागच्या दोन वर्षांची रजिस्टरं काढा आणि प्रत्येक मुलीसमोर तालुका, शाखा, घरातली कॉलेजात जाणारी पहिलीच का, दर शनिवारी गावी जाते का, एवढेच रकाने भरा. मग सोडून गेलेल्यांपैकी सहा-आठ जणींशी फोनवर बोला.

बहुतेकजण चुकतात ते इथं. विद्यार्थी कॉलेज का सोडतात यावरची अमेरिकन अभ्यासक विन्सेंट टिंटो यांची १९७५ची मांडणी सांगते की कॉलेजच्या अभ्यासात आणि मित्रमंडळात मिसळणारा विद्यार्थी टिकतो. ती वाचून लगेच स्नेहमेळावे वाढवू नका. बीएस्सीची मुलगी फार्मसीच्या कॅप राउंडला (केंद्रीय प्रवेश फेरीला) नंबर लागला म्हणून गेली असेल, तर ती गळती नव्हेच. तिला वेगळं मोजा. शनिवारी गडहिंग्लजला जाणारी मुलगी एकटी पडलीय असंही नाही, कदाचित घरच्या आधारावरच ती टिकलीय. विल्यम टियर्नी यांनी १९९२ मध्ये टिंटोंवर हाच आक्षेप घेतला: घर-समाजापासून तुटणं ही यशाची अट का? एसटीनं ये-जा करणाऱ्या मुलींसाठी बीन आणि मेट्झनर यांचं १९८५चं मॉडेल जास्त जवळचं आहे. त्यात पैसा, नोकरीचे तास आणि घरची जबाबदारी यांना मोठं वजन आहे.

कारण सापडलं की एकच गोष्ट बदला, आणि पुढच्या वर्षी तेच रजिस्टर पुन्हा मोजा. उपक्रमाला आपणहून आलेल्या मुलींची न आलेल्यांशी तुलना करू नका. आलेल्या मुळातच उत्साही असतात, म्हणून उपक्रम आहे त्याहून चांगला दिसतो.

प्राचार्यांची लेखी परवानगी घ्या, आणि नावं असलेला कागद किंवा फोटो सोबत नेऊ नका. ऑफिसच्या सुधारणेपुरतं असेसमेंट आणि प्रसिद्धीसाठीचं संशोधन यांत तिकडे काटेकोर फरक करतात. दुसऱ्यासाठी आयआरबी, म्हणजे नैतिक परीक्षण मंडळाकडे आधी जावं लागतं. माहिती गोळा केल्यावर मागच्या तारखेनं मंजुरी मिळत नाही.

एसओपीत, म्हणजे अर्जासोबतच्या निवेदनात, शाहू महाराजांची बोर्डिंगं जरूर येऊ देत. जातीजातींच्या मुलांसाठी १९०१ पासून उभी राहिलेली वसतिगृहं हा आपला खरा वारसा आहे. पण एका वाक्यात. उरलेली जागा तुमच्या रजिस्टरला द्या: काय विचारलं, काय दिसलं, काय बदललं. एसीपीए आणि नास्पा या स्टुडंट अफेअर्सवाल्यांच्या अमेरिकन संघटनांनी २०१५ मध्ये सुधारलेल्या क्षमता-यादीत १० क्षेत्रं आहेत. त्यातल्या ‘असेसमेंट, मूल्यमापन आणि संशोधन’ या क्षेत्राचा पुरावा अर्जांत सहसा कमी असतो, तो तुमच्याकडे तयार असेल.

अर्जांच्या तारखा बहुतेक डिसेंबर-जानेवारीत येतात आणि असिस्टंटशिपच्या मुलाखती त्यानंतर लगेच, म्हणून ट्रान्सक्रिप्टसाठी (गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी) शिवाजी विद्यापीठात पावसाळ्यातच अर्ज टाका. नोकरीचं गणितही आत्ताच मांडा. हा विषय सहसा स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत धरत नाहीत, म्हणजे ओपीटी, अर्थात शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच काम करायची मुभा, १२ महिन्यांचीच. विद्यापीठांना एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी लागू नाही, पण सुरुवातीच्या पदांना प्रत्येक ऑफिस स्पॉन्सर करतंच असं नाही. दुसऱ्या वर्षाच्या जानेवारीपासून नोकरीचे अर्ज करा आणि स्पॉन्सरशिपचं पहिल्याच फोनवर विचारा.