वाचकांचे प्रश्न : दुसऱ्याच्या तिकिटावर विम्बल्डन

प्रश्न : मी आणि माझे यजमान जूनअखेरीस मुलीकडे इंग्लंडला, लेस्टरला जाणार आहोत. विम्बल्डन टेनिस स्पर्धेचे सेंटर कोर्ट, म्हणजे मुख्य मैदान, एकदा तरी प्रत्यक्ष पाहावे, त्यातही टेनिसपटू कार्लोस अल्कराझचा सामना पाहावा, अशी यजमानांची फार दिवसांची इच्छा आहे. तिकिटे ज्या सोडतीने वाटली जातात, तिच्या अर्जाची मुदत केव्हाच उलटली. पुनर्विक्रीच्या एका संकेतस्थळावर पहिल्या आठवड्यातील दोन तिकिटे मूळ किमतीच्या कितीतरी पट दराने दिसत आहेत आणि खाली ‘शंभर टक्के हमी’ असे लिहिले आहे. ती घ्यावीत का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : किंमत किती, हा या व्यवहारातला दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की, विकणाऱ्याजवळ असलेले तिकीट नियमाने दुसऱ्याला देता येते का. विम्बल्डनच्या सोडतीत मिळालेले तिकीट तसे देता येत नाही. ते विकले, किंबहुना विकायला काढले, तरी स्पर्धा भरवणारा क्लब ते रद्द करू शकतो. शिवाय तिकिटे आता फोनवरील अॅपमध्ये असतात आणि प्रवेशद्वारावर ओळखपत्र मागितले जाऊ शकते. मिरजेहून दुसऱ्याच्या नावावरील आरक्षणावर मुंबईला निघालेल्या प्रवाशाची तपासनीसासमोर जी अवस्था होते, तीच येथे होण्याचा धोका आहे: तिकीट अस्सल असते, पैसेही मोजलेले असतात, पण त्यावरचे नाव आपले नसते.

याला अपवाद डिबेंचरच्या तिकिटांचा. क्लब बांधकामासाठी पाच वर्षांच्या मुदतीची डिबेंचर (कर्जरोखे) विकून भांडवल उभे करतो आणि त्या बदल्यात धारकाला सेंटर कोर्ट किंवा एक क्रमांकाच्या कोर्टवरील आसन मिळते. सेंटर कोर्टच्या २०२६ ते २०३० या मालिकेतील एका डिबेंचरची किंमत १,१६,००० पौंड होती. एवढी रक्कम गुंतवणारा माणूस रोज सामने पाहायला येईलच असे नाही, म्हणून ही तिकिटे उघडपणे विकण्याची मुभा नियमातच दिलेली आहे. तेव्हा आपण पाहिलेल्या जाहिरातीत ‘डिबेंचर’ असा स्पष्ट उल्लेख नसेल, तर ती तिकिटे सोडतीची समजून सोडून द्यावीत. उल्लेख असेल, तरीही तेच तिकीट डिबेंचरधारकांच्या तिकिटांचे व्यवहार करणाऱ्या मान्यताप्राप्त यंत्रणेकडे काय भावाने मिळते, हे आधी ताडून पाहावे.

‘शंभर टक्के हमी’ या शब्दांवर मी तरी भाळणार नाही. अशा हमीचा अर्थ बहुधा एवढाच असतो की, प्रवेश नाकारला गेला तर तिकिटाचे पैसे परत मिळतील. लंडनपर्यंतचा प्रवास, तेथील मुक्काम आणि हुकलेला दिवस यांची भरपाई त्यात नसते. शिवाय काही विक्रेते हाती नसलेले तिकीटही विकायला काढतात आणि पैसे आल्यावर ते शोधू लागतात.

आपल्या जागी मी असतो, तर रांगेचा मार्ग धरला असता. टेनिसच्या चार ग्रँड स्लॅम स्पर्धांमध्ये सेंटर कोर्टची चांगली तिकिटे त्याच दिवशी सामान्य प्रेक्षकांना विकण्याची ही पद्धत विम्बल्डननेच इतक्या निष्ठेने जपली आहे. शेवटचे चार दिवस वगळता रोज सुमारे ५०० सेंटर कोर्ट तिकिटे रांगेतील लोकांसाठी राखलेली असतात. एक आणि दोन क्रमांकाच्या कोर्टची साधारण तेवढीच तिकिटे निराळी. मात्र त्यासाठी आदल्या रात्री विम्बल्डन पार्कमध्ये तंबूत मुक्काम करावा लागतो. प्रत्येकाला स्वतःच्या क्रमांकाचे कार्ड मिळते आणि दुसऱ्यासाठी जागा धरता येत नाही, त्यामुळे मुलीला रांगेत उभे करून आपण दोघांनी सकाळी जाणे जमणार नाही.

वयोमानामुळे रात्रीचा मुक्काम झेपणार नसेल, तर पहाटे जाऊन केवळ मैदानाचा, म्हणजे स्पर्धेच्या परिसरात प्रवेशाचा, पास घ्यावा. २०२५ मध्ये पहिल्या दिवसांसाठी तो ३० पौंडांना होता. आत गेल्यावर अधिकृत पुनर्विक्री भेटते, आणि ती फारच सुरेख आहे. दुपारी लवकर निघालेले प्रेक्षक आपली आसने परत करतात, ती त्याच दिवशी मैदानात आधीच असलेल्यांना विकली जातात आणि ते पैसे धर्मादाय कामाला जातात. ही प्रथा १९५४ पासूनची आहे. अलीकडच्या वर्षांत सेंटर कोर्टच्या अशा आसनाला १५ पौंड पडत आले आहेत. अॅपवर नंबर लावावा लागतो आणि बराच वेळ थांबावे लागते. पण विम्बल्डनची संध्याकाळ रात्री नऊपर्यंत उजेडाची असते, त्यामुळे सायंकाळी साडेपाचला आत गेलेल्यालाही एक पूर्ण सामना सहज पाहता येतो.

अल्कराझबद्दल एक सांगायला हवे. तिकीट दिवसाचे आणि कोर्टचे असते, खेळाडूचे नसते. कोणता सामना कोणत्या कोर्टवर, हे आदल्या दिवशी जाहीर होते. त्यामुळे ‘अल्कराझच्या सामन्याचे तिकीट’ म्हणून पहिल्या आठवड्यातील तिकिटासाठी आताच जादा पैसे मागणारा विक्रेता, त्याला स्वतःलाच ठाऊक नसलेली गोष्ट विकतो आहे.

प्रश्न : पॅरिसच्या रोलाँ गारोची (फ्रेंच ओपन टेनिस स्पर्धेची) तिकिटे संपल्याचे दिसते. तेथेही रांग लावता येते का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : तेथे विम्बल्डनसारखी रांग नाही, पण स्पर्धेच्या तिकीटविक्रीच्या संकेतस्थळावरच अधिकृत पुनर्विक्री चालते आणि परत आलेली तिकिटे तेथे मूळ किमतीला मिळतात. तिकिटावर नाव असते व ते ओळखपत्राशी जुळवले जाते, म्हणून बाहेरच्या विक्रेत्याच्या वाटेला जाऊच नये. आयोजकांच्या परवानगीवाचून तिकिटे विकण्याचा धंदा करणे हा फ्रान्समध्ये गुन्हाही आहे. परत येणारी तिकिटे एकदम येत नाहीत, सुटी सुटी येतात, तेव्हा दिवसातून दोन-तीनदा पाहण्याचा चिवटपणा ठेवावा. न्यूयॉर्कच्या यूएस ओपनचा मामला अगदी उलट आहे. तेथे पुनर्विक्री राजरोस चालते, तिकीट आपल्या खात्यावर रीतसर वर्ग होते, पण भाव मागणीप्रमाणे चढतो-उतरतो.

पैसे भरण्यापूर्वी आपल्या कार्डावरील परदेशी व्यवहार सुरू आहेत का, हे बँकेच्या अॅपमध्ये पाहून ठेवावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नव्या कार्डांवर ही सोय ग्राहकाने मागितल्याशिवाय सुरू होत नाही, आणि तिकीट समोर दिसत असताना ती शोधत बसण्यात ते हातचे जाते. व्हिसा हाती येण्यापूर्वी, परत न करता येणारे महागडे तिकीट घेऊ नये. सामन्याचे तिकीट आहे म्हणून व्हिसा मिळतोच असे नाही.

प्रश्न : एका मेसेजिंग ग्रुपवरील अनोळखी व्यक्तीला मी विम्बल्डनच्या तिकिटासाठी यूपीआयने पैसे पाठवले. आता तो उत्तर देत नाही.
— एक वाचक, तासगाव

उत्तर : आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि आपल्या बँकेलाही लेखी कळवावे, पैसे पुढच्या खात्यांत फिरण्यापूर्वी ते गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. संभाषण पुसू नये. त्याची आणि व्यवहार क्रमांकाची छायाचित्रे जपून ठेवावीत. तोच विक्रेता किंवा दुसरा कोणी ‘थोडे शुल्क भरा, पैसे परत मिळवून देतो’ म्हणाला, तर एक रुपयाही पाठवू नये. क्रेडिट कार्डाने पैसे दिलेल्या वाचकांसाठी आणखी एक मार्ग असतो: सेवा मिळाली नाही म्हणून कार्ड देणाऱ्या बँकेकडे त्या व्यवहारावर हरकत घेता येते. त्याला ठरावीक मुदत असते, म्हणून स्पर्धा संपण्याची वाट पाहू नये.