तळपायाची मधुमेहाची जखम प्लेटलेट लावून भरते का?

तुम्ही विचारलंय: वडिलांना जुना मधुमेह आहे, अंगठ्याखालची जखम पाच महिने भरत नाही, डॉक्टर त्यांच्याच रक्तातल्या प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) काढून लावू म्हणतात, करावं का?

मी डॉक्टर नाही. देवगडजवळ आमची कलमं आहेत, आणि माझ्या अण्णांच्या पायावर हे दोनदा झालंय. पहिल्यांदा पैसे पाण्यात गेले, दुसऱ्यांदा जखम भरली. लावलं दोन्ही वेळी तेच.

अण्णांचा सगळा जन्म अनवाणी गेला. एप्रिलात कातळ तव्यासारखा तापतो, त्यावरून ते आंब्याच्या पेट्या घेऊन फिरायचे. घट्ट्याखाली खडा रुतला ते त्यांना कळलंच नाही, आईला लादीवर रक्ताचे ठसे दिसले तेव्हा कळलं. वर ‘माका कायच दुखत नाय’ हे पालुपद! साखरेने नसा बधिर झाल्यावर दुखणार कुठून? दुखत नाही म्हणून माणूस त्याच जखमेवर उभा राहतो.

प्लेटलेटच्या या उपचाराला पीआरपी (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा) म्हणतात. ते म्हणजे काय, तर हातातून थोडं रक्त काढून नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. तांबड्या पेशी तळाला बसतात, वरच्या पिवळसर द्रवात प्लेटलेट दाटतात, साधारण ३ ते ५ पट. त्यात कॅल्शियम घातलं की जेलीसारखं होतं. प्लेटलेटमधून अशी प्रथिनं सुटतात की नव्या रक्तवाहिन्या फुटायला आणि मांस धरायला चालना मिळते. टकलावर केसांसाठी टोचतात तेच हे.

पुरावा आहे, पण बेताचा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ब्रिटन, डेन्मार्क आणि स्वीडनमधले २६९ रुग्ण होते. चार आठवडे नीट उपचार करूनही न भरलेल्या जखमाच घेतल्या होत्या. रुग्णाच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि फायब्रिन (रक्त गोठताना होणारे प्रथिनाचे धागे) यांची चकती दर आठवड्याला लावली. २० आठवड्यांत ३४ टक्के जखमा भरल्या, चकतीशिवाय २२ टक्के. म्हणजे चकती लावूनही तिघांतल्या दोघांची राहिलीच. मधुमेही पायासाठीच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत या चकतीला जागा आहे, साध्या प्लेटलेट जेलला नाही. उलट अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याने २०२१ पासून प्लेटलेटच्या उपचाराचा २० आठवड्यांपर्यंतचा खर्च द्यायचं ठरवलं. जाणत्यांतही एकमत नाही, तेव्हा तुमचे डॉक्टर नेमकं काय लावणार ते विचारून घ्या.

आमच्या पहिल्या डॉक्टरांनी जेल लावून घरी पाठवलं. पायावर भार नको हे कुणी ठासून सांगितलं नाही, आणि ऐन हंगामात अण्णा घरी बसणार होते थोडेच! डॉक्टर आठवड्याला लावायचे, अण्णा सहा दिवस ते तुडवायचे.

दुसऱ्या डॉक्टरांनी महिनाभर जेलचं नावच काढलं नाही. पायाची नाडी बघितली, डॉप्लर (ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह टिपणारं यंत्र) लावून घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाने भागून पाहिला. हा आकडा ०.९ च्या खाली गेला तर पायाला रक्त कमी पोचतंय. आणि फार वर, १.३ च्या पुढे असला तरी खूश होऊ नका, मधुमेहात धमन्या कडक होऊन आकडा फसवा येतो, मग पायाच्या बोटाचा दाब बघावा लागतो. सळईने जखमेचा तळ हाडाला लागतो का तेही तपासलं, एक्स-रे काढला. हाड नासलं असेल तर वरून काहीही लावा, आतून पू येतच राहणार. मग घट्टा आणि मेलेलं मांस खरवडलं आणि काढता न येणारं प्लास्टर घातलं. नशिबाने पावसाळा लागला होता, बागेत कामही नव्हतं. आंघोळीला पायाला प्लास्टिकची पिशवी बांधायची, तीही ओली झाली की घरात भांडण. डॉक्टर दर आठवड्याला प्लास्टर बदलायचे, आणि पाचव्या आठवड्यापासून त्याच वेळी जेल लावायचे.

गणपतीत जखम मिटली. श्रेय प्लास्टरचं की प्लेटलेटचं, मी छातीठोक सांगू शकत नाही. मला विचाराल तर बारा आणे प्लास्टरचं.

म्हणून वडिलांचा डॉप्लर झालाय का, हाड तपासलंय का, आणि ते चालताना जखमेवर भार पडतो का, एवढं आधी बघा. डॉप्लरचा आकडा हातात आला की इथे लिहा, आमचे जुने कागद काढून ताडून सांगतो.