इंदूरहून पीथमपूर-देवासच्या फेऱ्या, रिक्षा-हमालीची पावती नाही. खर्च कसा मागावा?

मागता येतो, पण त्याच दिवशी लिहून ठेवा. कंपनीचं छापील व्हाउचर घ्या आणि प्रत्येक खर्चाची वेगळी ओळ करा: तारीख, कुठून कुठे, काम काय, रक्कम, पैसे कोणाला दिले. 'किरकोळ प्रवास ८५० रुपये' अशी एकच ओळ अकाउंट्सवाले परत पाठवतात, आणि बरोबरच आहे, त्यातून काहीच तपासता येत नाही. हमालाची सही किंवा अंगठा जागेवरच घ्या. रोख रक्कम ५,००० च्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्पही लावा. रिक्षाचे पैसे यूपीआयने दिलेत तर व्यवहार क्रमांक दिसेल असा स्क्रीनशॉट जोडा. टोलला फास्टॅगचं स्टेटमेंट पुरतं. स्वतःची गाडी असेल तर निघताना आणि पोचल्यावर मीटरचा फोटो काढा.

पावती मिळालीच तर लगेच फोटो घ्या. पेट्रोल पंपाची पावती थर्मल कागदाची असते, उन्हात गाडीत राहिली की अक्षरं उडतात. हॉटेलचं बिल मात्र कंपनीच्या नावाने, जीएसटी क्रमांक घालूनच बनवून घ्या. तिथे व्हाउचर चालवू नका.