मुलीला वेल्डर व्हायचं असेल तर ताकद किती लागते आणि सुरुवात कशी करावी?

तुमचे प्रश्न दोन आहेत: वेल्डिंगला अंगातली ताकद कमी पडेल का, आणि सगळे पुरुष असलेल्या वर्कशॉपमध्ये (शॉपमध्ये) एकटीने सुरुवात करताना काय सांभाळावं.

पहिल्याचं उत्तर छोटं आहे. वेल्डिंगच्या रॉडचं वजन काही ग्रॅम, तो धरायचा होल्डर अर्ध्या किलोच्या आसपास. हात भरून येतो तो केबलच्या ओढीने आणि हाताला न बसणाऱ्या मोज्यांनी. म्हणून मी ताकदीआधी मापांबद्दल लिहिते. शॉपमधलं बहुतेक सामान पुरुषांच्या मापाचं असतं. त्यापायी बीड, म्हणजे वेल्डिंगची रेघ, बिघडतो आणि बघणारे म्हणतात, 'बायकांना हे जमत नाही.' हा अन्याय टाळता येतो, पण त्यासाठी आधी टेप हातात घ्यावा लागतो.

हातमोज्यांपासून सुरुवात करा. अंगठा सोडून तळहाताचा घेर मोजा. १७८ मि.मी. भरला तर ७ नंबर, २०३ ला ८, २२९ ला ९. शॉपच्या कपाटात सहसा १० नंबर पडलेला असतो. सात नंबरचा हात त्यात घातला की प्रत्येक बोटापुढे रिकामं चामडं उरतं आणि ते होल्डर आणि तळव्याच्या मध्ये दुमडतं. पकड सुटेल म्हणून आपण मूठ आवळतो, मूठ आवळली की मनगट ताठ होतं, आणि ताठ मनगटाने रॉड जळत जाईल तसा तो खाली आणता येत नाही. आर्क, म्हणजे रॉडचं टोक आणि प्लेट यांमधली विजेची ज्योत, लांबते, तळण्यासारखा एकसारखा आवाज फाटतो, स्पॅटर (वितळलेल्या धातूचे थेंब) उडतो, बीड पसरट होतो. उस्ताद म्हणतो हात कच्चा आहे. मोजा बदलून तोच रॉड पुन्हा लावून बघा, फरक लगेच दिसतो. घामाने ओले झालेले मोजेही बदला, ओलं चामडं विजेचा धक्का अडवत नाही.

कपडे सुती किंवा चामड्याचे. नायलॉन, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं, आणि हे आतल्या कपड्यांनाही लागू आहे: ब्रा सुती आणि तार नसलेली घ्या. हे शिकवणारे पुरुष असले की कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. हातातलं, गळ्यातलं काढून ठेवा. जॅकेटची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावा, नाहीतर आर्कच्या अतिनील प्रकाशाने गळ्याखालचा तिकोना उन्हात जळल्यासारखा भाजतो. बाही लांब असेल तर दुमडू नका, दुमडीत ठिणगी बसते. कापून शिवून घ्या. पँट बुटाच्या वर सोडा, आत खोचू नका. बूट सैल असेल तर पायमोज्यांचे दोन जोड हा इलाज नाही, कारण टाच तरीही उचलली जाते. पायाच्या मापाचाच बूट मागा.

एकसंध डांगरी घेऊ नका, जॅकेट आणि पँट वेगळी घ्या. डांगरीत लघवीला जायचं तर खांद्यापासून सगळं उतरवावं लागतं, ते टाळायला बाई पाणी पीत नाही, आणि गरम जॉबजवळ (ज्यावर काम चालू आहे त्या तुकड्याजवळ) आठ तास पाण्याशिवाय काढले की चक्कर येते, लघवीचा संसर्ग होतो. स्वच्छतागृह कुठे आहे, त्याला आतून कडी आहे का, हे कामाला लागण्याआधी विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

काळ्या काचेच्या वेल्डिंग मास्कचा हेडबँड डोक्याच्या मागच्या खोलगट भागात बसायला हवा. वर अंबाडा बांधला की तो बसत नाही आणि मास्क पुढे झुकतो. मानेवर खाली वेणी घाला, ती कॉलरच्या आत घ्या, वर सुती टोपी. काळी काच साध्या रॉडला १६० अँपिअरपर्यंत १० नंबर, त्यापुढे २५० पर्यंत १२ नंबर. धुराकडे दुर्लक्ष करू नका. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. धुरासाठी वेगळा, अर्ध्या तोंडाचा फिल्टरवाला मास्क लहान, मध्यम, मोठा अशा मापांत येतो. दोन्ही फिल्टर तळव्यांनी झाका, हळू श्वास आत ओढून दहा सेकंद थांबा. मास्क चेहऱ्याकडे ओढला जाऊन तसाच राहिला तर माप बरोबर. नाकाजवळून हवा आत आली तर मास्क नीट बसवून बघा, तरीही आली तर दुसरं माप लागेल.

आता केबल. बरेच जण ती गळ्यात किंवा खांद्यावरून गुंडाळतात. तसं कधीच करू नका. केबलला चीर असली किंवा कुणी दुसरीकडून ओढली तर ती थेट तुमच्या अंगावर. टेबलाच्या कडेला हुक लावा आणि केबल त्यावरून घ्या, म्हणजे मनगटावर फक्त शेवटच्या हातभर केबलचा भार येतो. टेबलाचा वरचा भाग कोपराच्या पातळीला किंवा किंचित खाली हवा. उंच असेल तर खांदे वर चढतात आणि हात थरथरतो. पायाखाली न डगमगणारा कोरडा लाकडी पाट घ्या, उंचीही मिळते आणि जमिनीपासून इन्सुलेशनही.

सरावाला ६ मि.मी. प्लेट, ३.१५ मि.मी.चा ६०१३ प्रकारचा रॉड, ११० अँपिअरच्या आसपास. रॉड ३५० मि.मी. लांबीचा मागा. ४५० वाल्याचं टोक हातापासून लांब असल्याने थरथर जास्त दिसते. कोपर टेबलाला टेकवा, दुसऱ्या हाताने होल्डरच्या मनगटाला आधार द्या. टोक प्लेटपासून साधारण ३ मि.मी., म्हणजे रॉडच्या जाडीएवढं. रॉड चिकटत असेल तर करंट कमी आहे किंवा अंतर कमी. कडेला खाच पडत असेल तर करंट जास्त आहे किंवा आर्क लांब. एका वेळी एकच गोष्ट बदला.

ताकद खरी लागते ती जॉब उचलायला, आणि तिथेही गणित अंतराचं आहे. वजन उचलण्याच्या मर्यादेसाठी कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या निऑश संस्थेने दिलेल्या सूत्रात सगळं अनुकूल असताना २३ किलो धरतात, वजन शरीरापासून २५ सें.मी.वर असताना. तेच ५० सें.मी.वर धरलं की मर्यादा निम्म्यावर, ११.५ किलोवर येते. हे पुरुषाच्या पाठीलाही तितकंच लागू आहे. म्हणून जॉब पोटाजवळ घ्या, त्याहून जड असेल तर साखळीकप्पी किंवा ट्रॉली वापरा. गॅस सिलिंडर टोपी लावून, ट्रॉलीवर बांधूनच हलवा. ग्राइंडर १०० मि.मी. डिस्कचा घ्या, १८० वाला दुप्पट जड आणि झटका दिला की मोठ्या माणसाच्याही हातातून सुटतो. गार्ड आणि बाजूची दांडी काढू नका. डिस्कवर छापलेला वेग मशीनच्या वेगाइतका किंवा जास्त असला पाहिजे.

आता माणसं. सगळ्यांत जास्त नुकसान करणारं वाक्य आहे, 'राहू दे, मी करतो.' ते मायेनेच म्हटलेलं असतं, पण त्यात तुमचा आर्कचा वेळ जातो. होल्डर न सोडता सांगा, 'हात लावू नका, कुठे चुकतंय ते सांगा.' पहिल्या महिन्यापासून वही ठेवा: तारीख, पोझिशन (सपाट, आडवी की उभी), रॉड, किती वेळ आर्क लावली. दोन आठवडे फक्त झाडणं, नोंदी आणि सामान आणणं वाट्याला आलं तर ती वही घेऊन फोरमनकडे जा. 'मला काम देत नाहीत' यापेक्षा 'बारा दिवसांत एकूण चाळीस मिनिटं आर्क' हे टाळणं त्याला अवघड जातं. कुणी अंगाला हात लावला किंवा घाणेरडं बोललं तर त्याच दिवशी वेळ, नेमके शब्द आणि हजर माणसं लिहून ठेवा, वेगळ्या वहीत, घरी. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर डॉक्टरांना धुराबद्दल स्पष्ट सांगा, आणि जुना शिशाचा रंग असलेला जॉब तापवू किंवा ग्राइंड करू नका.

जमेल का, याबद्दल तुमच्या मनात कुणी शंका घातली असेल तर एवढं सांगते: दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या जहाज कारखान्यांत हजारो बायका वेल्डिंग करत होत्या. युद्धानंतर बहुतेकींना घरी पाठवलं ते युद्धाचं काम संपलं आणि परतलेल्या पुरुषांना जागा हव्या होत्या म्हणून. वेल्डरच्या पात्रता चाचणीत प्लेट वाकवून किंवा तोडून बघतात, आणि प्रमाणपत्रावर प्रक्रिया, पोझिशन आणि जाडी लिहिलेली असते. आधी आडवी फिलेट (काटकोनात ठेवलेल्या दोन प्लेटच्या कोपऱ्यातलं वेल्डिंग) द्या, मग उभी. चाचणीच्या दिवशी स्वतःचे मोजे, स्वतःचा मास्क आणि तो लाकडी पाट सोबत न्या, आणि पहिला रॉड भंगार तुकड्यावर लावून मशीनचा करंट तपासून मगच प्लेटला हात घाला.