पिंपळ तोडणार असतील, तर मुंजाने दाद कशी मागावी?

प्रश्न : मी मुंजा आहे. पुण्यात सदाशिव पेठेतील एका वाड्याच्या परसात पिंपळावर पेशवाईपासून राहतो. दुपारी खिडकीत बसून मुलांचा अभ्यास ऐकतो, संध्याकाळी त्यांच्यात क्रिकेट खेळतो. मालकांच्या घरातील आजी दर अमावास्येला पारावर दिवा लावतात, सणाला पान वाढतात. वाडा आता पुनर्विकासाला दिला असून भाडेकरूंच्या यादीत माझे नाव नाही, आणि परवा पिंपळावर तोडणीची नोटीस लागली. इतक्या वर्षांच्या वास्तव्याने माझा हक्क झाला नाही का?

उत्तर : आपण सोडमुंजीआधीच गेलात, तरी वर्षांच्या हिशेबाने माझ्या खापरपणजोबांहून वडील आहात, म्हणून स्पष्ट लिहितो. मुदत अधिनियम, १९६३ मधील अनुच्छेद ६५ प्रमाणे मालकाचा हक्क नाकारून कोणी उघडपणे व अखंड १२ वर्षे कब्जा ठेवला, तर मालकाचा ताबा मागण्याचा अधिकार संपतो. आपले वास्तव्य अखंड आहे, आणि दिवा लागत होता त्या अर्थी ते उघडही होते. परंतु त्याच दिव्यावरून हेही दिसते की मालकांनी आपल्याला आपुलकीने राहू दिले, आणि संमतीने मिळालेला कब्जा दोनशे वर्षे टिकला तरी तेवढ्यावरून तो प्रतिकूल, म्हणजे मालकाचा हक्क नाकारणारा, ठरत नाही. शिवाय मृत व्यक्तीच्या नावे दावा दाखल होत नाही. त्यामुळे जागेच्या हक्काचा आग्रह सोडावा, असे मला दुःखाने सांगावे लागते.

झाडाचे मात्र तसे नाही. नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात १९७५ चा अधिनियम आहे. त्यानुसार वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून जुने झाड वारसा वृक्ष ठरते, आणि ते तोडल्यास त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट आहे. ती रोपे आपल्या मुक्कामाच्या कामाची नाहीत, हे मी जाणतो. पण झाडाचे वय नोंदले गेले की तोडणीचा प्रस्ताव सहजासहजी पुढे सरकत नाही. वयाबाबत आपली आठवण ग्राह्य धरली जाणार नाही. वृक्ष अधिकाऱ्यांनी पाहणी करून ते ठरवावे, अशी मागणी हरकतीतच करावी लागेल.

हरकत नागरिक म्हणून आजींनी घ्यावी. त्यासाठी जागेची मालकी लागत नाही. नोटिशीत साधारण सात दिवसांची मुदत असते आणि आपले दोन दिवस गेले आहेत. आजींनी पिंपळाचा व पाराचा जुना फोटो जोडून, पूर्ण झाड वाचवून इमारतीचा आराखडा बदलावा अशी लेखी हरकत उद्याच महापालिकेच्या उद्यान विभागात द्यावी आणि शिक्क्यासह पोच घ्यावी.