हसण्याआधीची बेरीज

गंगापूर रोड, नाशिक

चि. मुली,

अनेक आशीर्वाद. तुझे तिन्ही लेख वाचले. एकदा घाईत, एकदा पेन्सिल घेऊन. सातपूरला दिवसभर परचेसची कामं निस्तरून रात्री तू कंपन्यांच्या फजितीवर आणि अर्थकारणावर तिरकस लिहितेस, याचं कौतुक आहेच. पण कौतुक ऐकायचं असतं तर तू लेख तुझ्या मावशीला पाठवले असतेस. म्हणून सरळ मुद्द्यावर येतो.

पेन्सिलीने मी सर्वांत जास्त वेळा खोडलेला शब्द ‘मूर्ख’. त्याच्या जोडीला ‘बिनडोक’ आणि ‘अकलेचे कांदे’. (कांद्याची ती शिवी निफाड-लासलगावच्या वाचकासमोर जपून वापर, तिथे अजून घराच्या हप्त्याचा हिशेब कांद्यावर होतो.) वाईट वाटून घेऊ नकोस. कंपनीला मूर्ख म्हटलं की वाचक हसतो आणि पुढे सरकतो. त्याला कळलेलं काहीच नसतं, कारण लिहिणाऱ्यानेही काही शोधलेलं नसतं. खरी गंमत अशी असते की त्या खोलीत भरपूर पगाराची, भरपूर शिकलेली माणसं बसलेली असतात, समोर आकडे असतात, आकडे बरोबरही असतात, आणि तरी बाहेर येतो तो निर्णय पाहून रविवार कारंजावरचा भाजीवालासुद्धा कपाळावर हात मारेल. ते कसं झालं हे सांगता आलं तर लेख झाला.

तुझ्या पहिल्या लेखातलंच कोका-कोलाने जुनी चव बदलून आणलेल्या न्यू कोकचं प्रकरण घे. तू लिहितेस, ‘कंपनीने ग्राहकाला विचारायची तसदी घेतली नाही.’ नेमकं उलट आहे. नाव झाकून सुमारे दोन लाख लोकांना चव दिली होती आणि निम्म्याहून जास्त लोकांना नवी चव जास्त आवडली होती. त्या काळात अमेरिकेत पेप्सी आपल्या गोडव्याच्या जोरावर अंगावर येत होती, म्हणून नवा कोक जास्त गोड केला होता. इथपर्यंत सगळं शहाणपणाचं. फक्त चव घेणाऱ्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं की नवं आवडलं म्हणालात तर जुनं कायमचं जाणार. २३ एप्रिल १९८५ ला नवा कोक जाहीर झाला आणि जुलैत जुना कोक ‘क्लासिक’ नाव लावून परत आला. मग लोक म्हणू लागले, हा सगळा जाहिरातीचा डाव होता. त्यावर कंपनीचे तेव्हाचे प्रेसिडेंट डोनाल्ड किओ जे म्हणाले त्याचा आशय असा, की आम्ही इतके मूर्ख नाही आणि इतके हुशारही नाही. चाळीस वर्षं झाली, त्या प्रकरणावर इतकं चोख कुणी लिहिलेलं मी वाचलेलं नाही. ज्याची फजिती झाली तोच आपल्यापेक्षा चांगला विनोद करून गेला.

जाता जाता, ब्रिटनमधल्या जेरल्ड रॅटनरने भर सभेत आपल्याच दुकानातल्या मालाला ‘कचरा’ म्हणून स्वतःची कंपनी बुडीत काढायला घेतली तीही तारीख २३ एप्रिल, साल १९९१. तुला एखाद्या छोट्या टिपणाला चालेल. त्याच्यावर लेख मात्र होणार नाही, कारण त्यात शोधण्यासारखं काही नाही. माणूस बोलून गेला आणि बुडाला.

टाटांच्या नॅनो गाडीवरचा तुझा लेख पहिल्याहून बरा आहे, पण तिथेही तू घाईने निकाल दिलास. जानेवारी २००८ मध्ये गाडी दाखवली, बंगालमधलं सिंगूर सोडून गुजरातेतल्या साणंदला कारखाना गेला, वर्षाला अडीच लाख गाड्यांची क्षमता उभी केली आणि एकाही वर्षी त्याच्या निम्म्याही गाड्या खपल्या नाहीत. इंजिनिअरिंग चुकलं असं तू म्हणतेस. काही गाड्या पेटल्या हे खरं, त्याने नाव खराब झालं हेही खरं. पण रतन टाटांनीच पुढे मान्य केलं की सर्वांत स्वस्त गाडी अशी तिची ओळख करून देणं नडलं. आता तू नाशिकची आहेस, तुला हे पुस्तकातून कळायची गरज नाही. आपल्याकडे नवी गाडी घेतली की आधी नवश्या गणपतीला जाते, हार पडतो, चाकाखाली लिंबू जातं, मग पेढे घेऊन आख्खी सोसायटी पालथी घातली जाते. पेढा हातात घेताना शेजारी विचारतो, ‘कितीला पडली?’ त्या प्रश्नाचं उत्तर कंपनीने आधीच देशभर जाहीर करून ठेवलं होतं. स्कूटरवर चौघांनी बसणाऱ्या कुटुंबासाठी केलेली गाडी त्या कुटुंबाला घ्यायची लाज वाटावी, हा विनोद आहे. तो नाशिकच्या जिन्यावरून लिही, साणंदच्या कारखान्यातून नको.

कांद्याच्या लेखापाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबलो. तू लिहिलंस, ‘२७ एप्रिल २०२४ ला सरकारने अखेर शेतकऱ्यांपुढे नमतं घेऊन निर्यात खुली केली.’ हे तू मथळ्यावरून लिहिलंस, हे लगेच कळतं. त्या दिवशी अनेक ठिकाणी तसेच मथळे होते, त्यामुळे तू एकटी नाहीस.

क्रम नीट बघ. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, ३१ मार्चपर्यंत. ती मुदत संपायच्या आधीच ‘पुढील आदेशापर्यंत’ वाढली. मधल्या काळात मित्रदेशांच्या मागणीवरून थोड्याथोड्या परवानग्या निघत होत्या. मग एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली आणि चांदवडपासून येवल्यापर्यंत भडका उडाला, कारण आपल्या कांदाचाळीत पडलेला उन्हाळ कांदा पांढरा नव्हता. लगोलग पत्रक आलं की सहा देशांना ९९,१५० टन कांदा पाठवायला परवानगी आहे. आता कागद घे. बांगलादेश ५०,०००. संयुक्त अरब अमिराती एकंदर ३४,४००. श्रीलंका १०,०००. बहारीन ३,०००. मॉरिशस १,२००. भूतान ५५०. हे सगळे आकडे त्याआधीच्या आठवड्यांत वेगवेगळ्या आदेशांतून येऊन गेलेले होते. बेरीज कर.

९९,१५०. एक टन इकडचा तिकडे नाही. जुन्या पावत्या एकत्र टाचून वर नवी तारीख टाकावी, तसं ते पत्रक होतं. बंदी प्रत्यक्षात उठली ४ मे रोजी, तीही टनाला किमान ५५० डॉलर दर आणि ४० टक्के शुल्क लावून. नाशिक आणि दिंडोरीचं मतदान होतं २० मे ला. यात तुझं एकही विशेषण लागत नाही. सहा आकडे एकाखाली एक मांड, रेघ ओढ, खाली तारखा लिही. लासलगावच्या लिलावात उभा राहिलेला माणूस ते वाचून असा हसेल की तुझ्या ‘अकलेच्या कांद्यां’ची कुणाला आठवण राहणार नाही.

असल्या बेरजेला अर्धा तास लागतो. तेवढ्यासाठीच बहुतेक लोक ती करत नाहीत.

जीडीपीच्या परिच्छेदालाही हेच औषध. एप्रिल-जून २०२१ मध्ये अर्थव्यवस्था २०.१ टक्क्यांनी वाढली, विक्रमी, असं तू उपरोधाने लिहून सोडून दिलंस. उपरोध कशावर ते वाचकाला दाखव ना! आदल्या वर्षी याच तिमाहीत २४.४ टक्क्यांची घसरण होती. म्हणजे शंभराचे ७५.६ झाले आणि त्यावर २०.१ टक्के चढवले की ९०.८ होतात. विक्रम झाला आणि आपण दोन वर्षांपूर्वीपेक्षा नऊ रुपयांनी मागेच. पण त्याच दमात हेही लिही की आदली घसरण टाळेबंदीची होती. ते गाळलंस तर तूही त्या मथळेवाल्यांच्याच पंगतीला बसलीस. महागाईचा दर उतरला म्हणजे भाव उतरले नाहीत, हे तर तुला सांगायला नकोच, भाजी तूच आणतेस.

नोटबंदीवरचं तुझं वाक्य, ‘नाशिकरोडला नोटा रात्रंदिवस छापत होते आणि नाशिककर एटीएमच्या रांगेत उभे होते’, हे तिन्ही लेखांतलं सर्वांत चांगलं वाक्य. त्याच्या पुढची चार ओळींची चिडचिड काढून टाक. तिथे रिझर्व्ह बँकेच्या २०१७-१८ च्या अहवालातला एकच आकडा ठेव: रद्द झालेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के मूल्य बँकांत परत आलं.

एका जागी मात्र मी खरोखर चिडलो. १९९२ सालच्या फिलिपिन्समधल्या पेप्सीच्या बक्षीस योजनेवर, म्हणजे बाटलीच्या झाकणांवर छापलेल्या आकड्यांवर लिहिताना तू ‘फुकट्या, हावरट लोकांची झुंबड’ असं लिहिलंस. ३४९ हा आकडा बक्षिसाचा म्हणून जाहीर झाला, दहा लाख पेसोंचा, आणि तो छापलेला होता सुमारे आठ लाख झाकणांवर. चूक यंत्रणेची, आकडा कंपनीचा, झाकण विकत घेतलेलं. त्या बायका आणि रिक्षावाले काय चुकले? पुढे निदर्शनं झाली, बॉम्ब फेकले गेले, माणसं मेली. तिथे हसायला जागा आहे ती एवढीच, की लाखो माणसांना श्रीमंत झाल्याचं सांगून नंतर कंपनीने प्रत्येकी ५०० पेसो पुढे केले. ‘झुंबड’ काढ. मेनरोडवरच्या त्या छोट्या दुकानाच्या चुकीच्या शुद्धलेखनाची पाटीही काढ. त्याच्याकडे जाहिरात एजन्सी नाही, पुतण्या आहे.

उलट मोठ्या फलकांकडे बघ. गोदावरीपासून रिक्षाने जावं लागेल अशा इमारतींचं नाव ‘गोदा’वरून सुरू होतंय. २०२७ चा सिंहस्थ आहे, तोपर्यंत गादीपासून गृहकर्जापर्यंत सगळ्यावर ‘कुंभ ऑफर’ येईल. आतापासून फोटो काढून तारखेसह ठेव. ऑफरच्या आधीची किंमतही टिपून ठेव, नाहीतर सूट कशावर दिली ते तुला कळणार नाही.

भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीला शाप आहे, जो प्रायोजक येतो तो बुडतो, हा विनोद तू घेतलास, सगळेच घेतात. सहारा, बायजूज, ड्रीम११ इथपर्यंत तो चालतो. पण मधे स्टार आणि ओप्पो होते, ते काही बुडाले नाहीत. आणि ड्रीम११ गेली ती २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने, शापाने नव्हे. ठेवायचाच असेल तर स्टार-ओप्पोसकट ठेव, मग तो शापापेक्षा शाप मानणाऱ्यांवरचा विनोद होईल.

बायजूजचा परिच्छेद मी जवळजवळ जसाच्या तसा ठेवलाय. २०२२ च्या ऑक्टोबरात अडीच हजार लोकांना नारळ देण्याची घोषणा आणि नोव्हेंबरात मेस्सी सदिच्छादूत, या दोन ओळी शेजारी ठेवल्यास ते बरोबर. फक्त मधला ‘किती हा निर्लज्जपणा!’ मी खोडलाय, आणि महिन्यांऐवजी तारखा घाल: १२ ऑक्टोबर, ४ नोव्हेंबर. तेवीस दिवस होतात, ते वाचकालाच मोजू दे.

कागद सोबत परत पाठवतोय. पेन्सिलीचं पटलं नाही तिथे भांडायला ये. रविवारी सकाळी नको, त्या वेळी मी मिसळीच्या रांगेत असतो. संध्याकाळी ये, आणि कांद्याचा लेख आदेशांच्या प्रतींसह आण.

तुझा,
काका