मान्ना थांबल्यानंतर

प्रिय मुली,

सलाम. तुझे चार पानी पत्र मिळून आठ दिवस झाले. पहिल्या वाचनानंतर जे उत्तर सुचले ते इतक्या चटकन सुचले की मला त्याचाच संशय आला, म्हणून पत्र बाजूला ठेवून रोज एकदा वाचत राहिलो.

तू लिहितेस की मेळघाटात देव रोज जवळ होता आणि नगरला आल्यापासून तो गप्प आहे. तिथे दिवस कशासाठी उगवला हे विचारावे लागत नसे. एखादी अडलेली बाळंतीण, चार दिवस शाळेत न आलेली पोरे, धारणीची चुकलेली एसटी, यांतूनच तो ठरत असे. इथे वडिलांच्या गोळ्यांच्या वेळा आहेत, नोकरीचे अर्ज आहेत आणि उपासना सुटल्यावर ख्रिस्तमंदिराच्या पायरीवर हमखास गाठणारा 'मग आता पुढे काय?' हा प्रश्न आहे. तिथे पाच वर्षांच्या सेवेसाठी गेलेली तू, वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला म्हणून तीन वर्षांतच परतलीस, आणि नांगराला हात घालून मागे पाहणारा देवाच्या राज्याला योग्य नाही असे येशूने म्हटले, त्यांत आपली गणना होईल काय, असे विचारतेस.

या प्रश्नाकडे मी येणारच आहे, पण आधी तुझ्या प्रकृतीचे विचारतो. तू रात्री झोपत नाहीस, जेवण जात नाही, असे ओझरते लिहून पुढच्याच ओळीत विश्वास कमी पडल्याची कबुली देतेस. रक्त तपासून घेतलेस का? तीन पावसाळे त्या जंगलात काढलेल्या माणसाला हिवताप आणि पंडुरोग या दोन गोष्टी आधी पाहून घ्याव्या लागतात. रतामाच्या झुडपाखाली 'आता पुरे' म्हणून आडव्या झालेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. दोनदा उठवून भाजलेली भाकर आणि पाणी दिले, मध्ये झोपू दिले, आणि वाट तुझ्या शक्तीपलीकडची आहे एवढे मान्य केले. देवाशी त्याचे बोलणे झाले ते पुढे होरेब डोंगरावर, चाळीस दिवसांनी.

आता माझे सांगतो, कारण तू मला काका म्हणतेस आणि तरी हे तुला ठाऊक नाही. १९८४ साली मी कुष्ठरोग्यांच्या एका वसाहतीतले सहा वर्षांचे काम संपवून परतलो. संपवून म्हणजे ते संपवले गेले. ज्यांनी मला पाठवले होते त्यांचे दोन ओळींचे पत्र आले आणि महिन्याभरात मी वळकटी घेऊन नगरच्या स्थानकावर उतरलो. सहा महिने कोणी विचारले नाही. शेवटी बाजारातल्या एका लोखंडी सामानाच्या दुकानात कामाला लागलो. पोत्यातून खिळे काढायचे, तराजूत तोलायचे, जुन्या वर्तमानपत्रात पुडी बांधायची. जखमांच्या पट्ट्या बदलण्यात सहा वर्षे घालवलेल्या माझ्या हातांना दिवसअखेर गंजाचा वास येई, आणि तो वास घेऊन रात्री प्रार्थनेला बसण्याची मला लाज वाटे. एकदा मालक म्हणाले, 'तुमचे माप कधी मारलेले नसते, म्हणून गिऱ्हाईक तुम्हालाच शोधते.' त्या वाक्याने माझे डोळे उघडले असे लिहिले तर पत्र गोड होईल, पण ते खरे नव्हे. मला रागच आला. देवाने मला खिळे तोलायला वाचवले काय, असे मी त्या रात्री त्याला विचारले, आणि पुष्कळ दिवस विचारत राहिलो.

त्या काळात बायबलातल्या यहोशवाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात एका वचनापाशी मी अडलो. इस्राएल लोक यार्देन उतरून गिलगालात आले, त्यांनी वल्हांडण सण पाळला, त्या देशाचे धान्य खाल्ले, आणि दुसऱ्या दिवसापासून मान्ना, म्हणजे देव अरण्यात त्यांना देत आलेले अन्न, बंद झाला. चाळीस वर्षे पहाटे दारात पडणारे अन्न, आणि ते थांबल्याची नोंद अवघ्या एका वचनात. कोणी रडल्याचे लिहिलेले नाही, तरी मला वाटते की अरण्यातच जन्मलेल्या एखाद्या मुलीने दुसऱ्या दिवशी पहाटे सवयीने टोपले उचलले असेल, बाहेर नुसती जमीन पाहिली असेल आणि देव गेला असे समजून ती घाबरली असेल.

नगर जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला यापुढचे समजावून सांगावे लागू नये. मान्ना गोळा करायला एका दिवसापुरता विश्वास पुरत असे. आजचे आज मिळे, उद्याचे उद्या. शेतीचे तसे नाही. मृग कोरडा जातो, पेरलेले करपते, उसनवारी करून दुबार पेरणी करावी लागते, आणि तरी कणीस हाती येईपर्यंत महिनोन्महिने आभाळाकडे पाहत थांबावे लागते. म्हणजे ज्या दिवशी मान्ना थांबला त्या दिवशी देवाने आपल्या लोकांकडून अधिक लांब पल्ल्याचा विश्वास मागितला. तू त्या दुसऱ्या दिवसाच्या पहाटे उभी आहेस असे मला दिसते. मेळघाटात तुला उत्तर त्याच दिवशी मिळत असे; आता वडिलांचा उजवा हात हलू लागायला वर्ष लागेल, कदाचित तो हलणारही नाही, आणि या थांबण्यात देव तिथल्याइतकाच आहे हे तुला जाणवण्याआधी मान्य करावे लागेल. ते जाणवेल केव्हा, हे मला सांगता येणार नाही. मला पावणेदोन वर्षे लागली.

त्याच मान्न्याविषयी आणखी एक: आदल्या दिवशीचा राखून ठेवला की त्यात किडे पडत. मंडळीत तुला साक्ष द्यायला बोलावतील, तरुण संघ बोलावेल, महिला मंडळ बोलावेल. दोन-तीनदा जा, मग थांब. तोच प्रसंग पाचव्यांदा सांगताना त्यातला पूर आपोआप मोठा होतो आणि आपण थोडे अधिक धीट होतो, हे मी स्वतःच्या बाबतीत पाहिले आहे. तिकडच्या लोकांना रोज फोन करणेही कमी कर. तुझ्या मागे जी दोन मुले काम पाहत आहेत त्यांना चुकू दे; तुझा फोन वाजत राहिला तर लोक त्यांच्याऐवजी तुलाच विचारत राहतील.

आता नांगराचे. मार्क म्हणविलेला योहान हा प्रेषित पौलाचा तरुण सोबती, सुवार्तेच्या फेरीत पंफुल्यातून पौलाला सोडून यरुशलेमेस परतला. का परतला, ते शास्त्र सांगत नाही, आणि मला त्या मौनाचा आधार वाटतो. त्याच्यावरून पौल आणि बर्णबा यांच्यासारखे दोघे जिवाभावाचे सोबती भांडून वेगळे झाले. पुढे तोच पौल तुरुंगातून आपला शिष्य तीमथ्य याला लिहितो की मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. तू तर आजारी बापाच्या उशाशी यायला परतलीस. मार्काइतकाही ठपका मला तुझ्यावर ठेवता येत नाही. कोणी ठेवत असेल तर वाद घालू नकोस.

नोकरीच्या अर्जात ती तीन वर्षे 'खंड' म्हणून दाखवू नकोस. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचे नाते नाही. ती तू ऐकून ऐकून शिकलीस, वर्ग चालवलास, औषधांचा हिशेब ठेवलास. हे सगळे साध्या शब्दांत लिही. पाचारण, म्हणजे देवाचे सेवेला बोलावणे, आणि पगारपत्रक यांची गल्लत करण्याची आपल्या लोकांना जुनी सवय आहे. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला, तेव्हा त्यांचे वय ५५ होते. पगार सुटला, सेवा सुटली नाही. तुझ्या बाबतीत उलटे होईल, पगार दुसरीकडून येईल, इतकाच फरक. मात्र कोणताही मोठा निर्णय, लग्नाचा असो वा पुन्हा जाण्याचा, नाताळापर्यंत घेऊ नकोस. आत्याबाईंनी घाई केली तर त्यांना माझे नाव सांग.

पौल आणि बर्णबा सुवार्तेच्या पहिल्या फेरीनंतर, जिथून निघाले होते त्या अंत्युखियाला परतले, मंडळीला जमवून सगळे सांगितले, आणि मग तिथे शिष्यांबरोबर बरेच दिवस राहिले, असे प्रेषितांची कृत्ये सांगते. त्या बऱ्याच दिवसांत त्यांनी काय काय केले याचा फारसा तपशील नाही. पौल बहुधा आपल्या धंद्याप्रमाणे तंबू शिवत असावा.

येत्या रविवारी उपासनेनंतर जेवायला ये. वडिलांना रिक्षातून आणता येईल. आमची एक पायरी आहे, तिथे मी आणि शेजारचा मुलगा मिळून त्यांना धरू. काकू भाकरी मऊ करतील. तुझी कोरकू शब्दांची वही बरोबर आण, मला ती पाहायची आहे.

तुझा,
काका